पाणी यायच्या आधी

भगिनी मंडळात शेवटी मलाच उभं करतात.
"सुवार्ताबाई, तुम्हीच करा प्रार्थना."
आणि मी करते.
मागावरून चादर उतरावी तसे शब्द,
सलग, काठासकट, मोराच्या जोडीसकट.
बायका डोळे पुसतात.
पाळकसाहेब मोठ्यानं आमेन म्हणतात.
अशाच एका दिवशी रिक्षानं घरी आले,
चप्पल काढली, दार लोटलं,
म्हटलं आता तुझ्याशी दोन शब्द बोलू,
तर दोनसुद्धा निघेनात.

त्याला अकरा महिने झाले.

घर म्हणजे एक खोली,
पडद्यापलीकडं मुलगा आणि सून.
म्हणून मी जिन्याखाली बसते,
पिंप आणि हंड्यांच्या मधोमध,
बापूंच्या जुन्या चादरीची चौघडी घालून.
पहाटे चार. मोबाइल कपाटात.
सुरुवातीला पाचच मिनिटं ठरवली होती. पाच!
तेवढ्यात मी अक्कलकोट रोडला जाऊन आले,
कारखान्यात टॉवेलांवरचे डाग मोजले,
जाऊबाईला चार वर्षांपूर्वी द्यायचं राहिलेलं उत्तर दिलं,
शेंगांची चटणी कुटून बरणीत भरली.
आणि तू तिथंच, जिन्याखाली,
थांबला असशील किंवा नसशील,
मी मागं वळून बघितलंही नाही.

बापू मिलमध्ये जॉबर होते.
भोंगा बंद पडला, नुसतं धुराडं उरलं,
तरी बोलणं मागाचंच.
म्हणायचे, धागा तुटणारच. सूत आहे ते, तार नाही.
तुटला की माग आपणहून थांबतो.
थांबलेल्या मागावर ओरडायचं नसतं, पोरी.
टोक शोधायचं. गाठ मारायची. चालू.

मी टॉवेल तपासते, बावीस वर्षं.
उलट्या बाजूनं अंगठा फिरवला
की गाठ कळते मला अंधारातही.
आता मन जिथं तुटलं तिथलं टोक शोधते.
बहुतेक वेळा तिथं कुणीतरी उभं असतं.
परवा पॅकिंगमधली ईरम्मा होती,
पगारातली उचल मागायला लाजणारी.
तिच्यासाठी मागितलं, मग तुझ्याकडं परतले.
काल जाऊबाई.
तिच्यासाठी मागणं ओठांवर येईना,
तेव्हा नुसतं नाव घेतलं. सगुणा.
आज पुन्हा घेतलं.
नावापुढं अजून काही आलेलं नाही.

काही पहाटे तर कसलीच हालचाल नाही.
डास. शेजारी बोल्लींच्या घरी तेलुगूत कुरबुर.
मे महिन्यात भिंत चार वाजताही इतकी गरम
की पाठ टेकवत नाही.
मी बसते.
याला प्रार्थना म्हणायचं का,
पाळकसाहेबांना विचारलेलं नाही.

गेल्या रविवारी मंडळात उभी राहिले
आणि चारच वाक्यं बोलून बसले.
नंतर चहाच्या वेळी तिघींनी विचारलं,
"बरं नाही का हो तुम्हाला?"

आज पाचवा दिवस, पाण्याचा.
आधी नळातून नुसती हवा येते,
घशात अडकलेल्या शब्दासारखी.
मी डोळे मिटून "हे बापा" इथवर पोचले होते
आणि नळ खाकरला.
"थांब हं, आलेच," म्हणाले तुला,
जेवायला बसलेल्या माणसाला म्हणावं तसं,
आणि उठले.
कळशी, हंडा, पिंप, बादली,
सुनेची बादली, बोल्लींच्या म्हातारीचा डबा.
पाऊण तास.

परत आले तर चादर चिंब,
बसायला वीतभर जागा नाही.
ओल्या पदरानं हात पुसले,
भरल्या पिंपाला टेकून उभी राहिले,
डोळे मिटले.

हं.
कुठं होतो आपण?